शांततेला रकाना नव्हता

मोजणीकरांचं खरं आडनाव ऑफिसात फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना मोजणीकरच म्हणत, कारण गेली बावीस वर्षं हे गृहस्थ कानाला फोन लावून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत मोठ्याने आकडे मोजत होते. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटे, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या दिवशी त्याला कळे की हेच त्यांचं काम आहे. आणि आठवड्याभरात तो स्वतःच चारशे सत्तावीस, चारशे अठ्ठावीस असं पुटपुटत घरी जाऊ लागे.

काम तसं समजायला सोपं होतं. मोठ्या इमारतींत छताला पांढऱ्या तबकड्या लावलेल्या असतात, वायफाय त्यांच्यातून येतं. कागदोपत्री त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात. मोजणीकरांच्या तपासणी केंद्रात सगळे तबकडीच म्हणत. या वायफायवर चालणारे बिनतारी फोन हॉस्पिटलांत, गोदामांत लोक खिशात घेऊन फिरतात. माणूस बोलत बोलत चालू लागला की एका तबकडीने त्याचा फोन सोडायचा आणि पुढचीने तो झेलायचा. आता तबकडी एका कंपनीची, फोन दुसऱ्या कंपनीचा. दोघांचं आपसात जमतं की नाही हे बघायचं आणि जमत असेल तर तसं प्रमाणपत्र द्यायचं, एवढंच.

पण हे बघायला फोनवर सलग बोलावं लागतं, आणि तासभर बोलायचं काय? पूर्वी तपासनीस एकमेकांशी गप्पा मारत. वीस मिनिटांत गप्पा साहेबांवर घसरत आणि ते रेकॉर्डिंग पुढे साहेबांनाच ऐकावं लागे. मोजणीकरांनी यावर आकड्यांचा तोडगा काढला. आकडे संपत नाहीत, आकड्यांचा कोणाला राग येत नाही, आणि मध्येच एखादा गळला तर पलीकडच्याला तत्काळ कळतं. ही युक्ती पुढे कार्यपद्धतीच्या पुस्तकात परिच्छेद नऊ म्हणून छापली गेली. तेव्हापासून मोजणीकरांच्या सहीचं एकही प्रमाणपत्र परत आलं नव्हतं. बावीस वर्षांत एकही नाही! ही गोष्ट ते कोणी विचारलं नाही तरी सांगत, आणि कोणी विचारत नसेच.

त्यांची बायको हॉस्पिटलात हेड सिस्टर होती. एका मंगळवारी ती घरी आली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि जेवायला बसलेल्या मोजणीकरांच्या ताटाशेजारी दोन कागद ठेवले. पहिला मेमो होता. ‘आपण वरिष्ठ सर्जन बोलत असताना एकाच दिवसात तीन वेळा फोन मध्येच कापलात. हे वर्तन उद्धटपणाचे आहे. दहा दिवसांत लेखी खुलासा न आल्यास सेवापुस्तकात नोंद करण्यात येईल.’ आणि खाली, ‘फोन आपोआप बंद पडतो हे आपले म्हणणे सोबतच्या प्रमाणपत्रामुळे ग्राह्य धरता येत नाही.’

सोबतचं प्रमाणपत्र म्हणजे दुसरा कागद.

“ही सही कोणाची?” बायकोने विचारलं.

मोजणीकरांनी चष्मा पुसून बघितलं. सही त्यांचीच होती, खाली दोन रेघा मारलेली, ऐटदार. आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय म्हणावं याचा अंदाज कोणालाही आहे. मोजणीकर म्हणाले, “झेरॉक्स किती स्वच्छ आलीय बघ.”

“अहो, मी सर्जनना विचारलं, पेशंटला डोस किती द्यायचा. ते केसपेपर बघत गप्प राहिले आणि फोन गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी दोन जिने धावत उतरून गेले मी विचारायला. तर ते म्हणतात, सिस्टर, माझ्या तोंडावर फोन आपटता?”

“कॉल जाणार नाही गं. पाच हजारापर्यंत मोजलंय मी त्या फोनवर. तुझं बोट लागलं असेल चुकून.”

“माझं बोट?” बायकोने हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. “या बोटांनी मी एका दिवसाच्या बाळाची शीर शोधते. आणि तीन वेळा चुकून बटण दाबेन?”

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मोजणीकरांना आकडेवारीचा मोह आवरत नसे. “हे बघ, शंभरातल्या नव्वद तक्रारींत चूक वापरणाऱ्याचीच निघते,” ते म्हणाले, “आमच्याकडे तक्ता आहे.”

बायकोने कागद उचलले, घडी घातली, पर्समध्ये ठेवले. आणि घरात अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काय हे ज्यांच्या घरी तो पाळला जातो त्यांना सांगायला नको. भांडण त्यापेक्षा बरं, त्यात निदान आवाज तरी असतो. इथे चहा मिळत होता, पण कप टेबलावर जरा जास्त जोरात टेकत होता. सगळे निरोप मोजणीकरांच्या आईमार्फत जात. “आई, त्यांना सांगा, नळवाला येऊन गेला.” “आई, तिला सांग, मला दिसलं.” तिघंही एकाच खोलीत. चौथ्या दिवशी आई वैतागल्या. “मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का रे? गुडघे धरलेत माझे, आता जीभही धरायची?”

एक्सचेंज हा शब्द बहुधा खालपर्यंत ऐकू गेला. कारण तळमजल्यावर राहणारे निवृत्त टेलिफोनवाले काका संध्याकाळी वर हजर झाले. काकांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती, आणि तार गेल्यापासून जगाचं काही खरं राहिलं नाही असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांनी कोणी न बोलावता निदान केलं. “फ्रिज! फ्रिज असतो मध्ये. लहरी अडवतो तो.” हॉस्पिटलातला फोन आणि घरचा फ्रिज यांच्यात सहा रस्ते आहेत हे मोजणीकर सांगेपर्यंत काकांनी फ्रिजला खांदा लावलाही होता. फ्रिज वीतभर सरकला, मागचा प्लग निघाला आणि सकाळपर्यंत दूध नासलं. त्याचा निरोप आईंमार्फत आला, आणि तो आईंनी जसाच्या तसा पोचवला नाही, हे त्यांचे उपकार.

इकडे मोजणीकरांचं पित्त खवळलं होतं. प्रमाणपत्रावर शंका, तीही घरातून! त्यांनी तोच फोन मागवला, त्याच तबकड्या लावल्या आणि पुन्हा मोजायला लागले. सहा हजारापर्यंत गेले. घसा बसला, पण कॉल तुटला नाही. मग त्यांनी दोन्ही कंपन्यांचे प्रतिनिधी बोलावले. फोनवाले म्हणाले, आमचा फोन उत्तम आहे, तबकडीच त्याला नीट वागवत नसेल. तबकडीवाले म्हणाले, आमच्या तबकडीवर हजारो फोन सुखाने नांदतात, तुमच्याच फोनचा स्वभाव विचित्र असेल. पाऊण तास असं चाललं. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं आणि त्यांनी हस्तांदोलनसुद्धा केलं.

“सिस्टरचं बोट लागत असेल,” दोघं म्हणाले.

गंमत अशी की हेच वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकल्यावर मोजणीकरांना झोंबलं. हिच्या बोटांबद्दल बोलणारे हे कोण टिकोजीराव, असं त्यांच्या मनात आलं. पण तक्ता त्यांच्याच हातात होता, त्यामुळे काही बोलता येईना.

सातव्या दिवशी दुपारी कॉरिडॉरमध्ये त्यांचा फोन वाजला. पलीकडे बायको, वॉर्डातल्या त्याच फोनवरून. आई डॉक्टरकडे गुडघे दाखवायला गेल्या होत्या, त्यामुळे मध्ये कोणी नव्हतं.

“किल्ली खाली काकांकडे ठेवलीय,” बायको म्हणाली. एवढंच, आणि पुढे गप्प.

आता यावर “बरं” म्हणायला कितीसं लागतं? पण सात दिवसांच्या अबोल्यात “बरं” म्हणणं म्हणजे शरणागती, असा मोजणीकरांचा हिशोब. तिने ‘कळलं का’ असं विचारलं तर बघू, असं म्हणून ते गप्प राहिले. तीही गप्प. तिचा श्वास ऐकू येत होता. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती. आणि अचानक सगळंच थांबलं. फोन बंद!

मोजणीकर संतापाने लाल झाले. आपटला की नाही? सर्जनचं सोडा, स्वतःच्या नवऱ्याच्या कानावर आपटला! आता पुरावा हातात होता.

संध्याकाळी ते घरी आले तर बायको आधीच आईंसमोर उभी होती. “आई, त्यांना सांगा, राग असेल तर असू दे, पण फोन कापू नये. ड्यूटीवर असते मी.”

“मी कापला?” मोजणीकर ओरडले. “आई, तिला सांग, तिनेच कापला!”

“आई, त्यांना सांगा, मी कापलेला नाही.”

“आई, तिला सांग, मी बटणाला हातही लावला नव्हता.”

आईंनी दोघांकडे बघितलं, गुडघ्याला पट्टा बांधता बांधता थांबल्या आणि म्हणाल्या, “तू नाहीस, ही नाही. मग कापला कोणी?”

मोजणीकर खुर्चीवर बसले. बावीस वर्षांत त्यांनी लाखो आकडे मोजले होते, पण फोन कानाला लावून गप्प असे ते कधी राहिलेच नव्हते. परिच्छेद नऊ! आकड्याला आकडा लावून त्यांनी फोनला उसंतच दिली नव्हती. आणि माणसं तर बोलताना गप्प होतात. सर्जन केसपेपर बघतात, बायका नवऱ्याच्या ‘बरं’ची वाट बघतात. शांतता झाली की फोन जात होता, आणि ती शांतता त्यांनी स्वतःच चाचणीतून हद्दपार केली होती.

 हे बायकोला सांगायचं तर आधी बोलावं लागणार, आणि तेवढा धीर काही झाला नाही.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी केंद्रात एकट्याने खात्री करून घेतली. दोन फोन जोडले, घड्याळ लावलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंड मिटलं. बाराव्या सेकंदाला कॉल गेला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बाराव्या सेकंदाला. कोणी बोलत नाही असं बघून बॅटरी वाचवायला फोन डुलकी घेई. तबकडीला वाटे, हा गेला निघून, आणि ती त्याचं नाव यादीतून खोडून टाके. फोन जागा झाला की त्याला दारात कोणी उभं करत नसे. दोघांचं जमत नव्हतं ते इथे.

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चाचणीचा फॉर्म उघडला. “नोंद कुठे करणार? बोलण्याला रकाना आहे, चालण्याला आहे, जिन्याला आहे. शांततेला रकाना नाही.”

“नवीन घालू या, साहेब.”

“आणि त्यात लिहायचं काय? दोन तपासनीसांनी तासभर काहीही केलं नाही? वरून विचारणा होईल, तुमच्याकडे असं आणखी कोण कोण काही करत नाही म्हणून.” साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा. कंपन्यांना सांगून दुरुस्ती करून घेऊ. तिला सुधारणा म्हणू. दोष होता असं कुठेही लिहायचं नाही. तुमचं जुनं प्रमाणपत्र शाबूत, केंद्राची अब्रू शाबूत. आहे काय नि नाही काय!”

मोजणीकरांना हायसं वाटलं. खरं सांगायचं तर फारच हायसं वाटलं. जिन्यापर्यंत पोचल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं की जुनं प्रमाणपत्र शाबूत म्हणजे बायकोचा मेमोही शाबूत. दोष नव्हता तर फोन तिनेच कापला. आणि खुलाशाची मुदत दोन दिवसांवर होती.

कंपन्यांनी दुरुस्ती एका दुपारी केली, मोठेपणा मात्र दोघांनीही आपापल्याकडे घेतला. राहिली फेरचाचणी. ती प्रत्यक्ष हॉस्पिटलातच, अर्धा तास संपूर्ण शांततेत घ्यायची असं ठरलं. शेवटी दोन्ही बाजूंनी बोलून लाइन जिवंत असल्याचं दाखवायचं. यंत्रावर भागलं नसतं; श्वास, खाकरणं, चालणं, सगळं माणसाचंच हवं होतं. पण अर्धा तास फोन कानाला लावून गप्प राहील असा माणूस मिळेना. साहेब स्वतः बसले आणि चौथ्या मिनिटाला त्यांनी चहा मागवला. दोन्ही प्रतिनिधींना जोडून दिलं, तर सव्वा मिनिटात फोनवाल्यांनी तबकडीवाल्यांना काहीतरी ऐकवलं आणि ते बराच वेळ चाललं.

मग साहेब घसा साफ करून म्हणाले, “मोजणीकर, राग मानू नका. सकाळी फिरायला तुमचे ते टेलिफोनवाले काका भेटतात मला. तुमच्या घरी सध्या म्हणे...”

मोजणीकरांनी आईंना फोन लावला, कारण बायकोला निरोप अजून त्यांच्यामार्फतच जात होते.

नवव्या दिवशी, गुरुवारी अकरा वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात बायको फोन घेऊन बसली. शेजारी साक्षीला मेट्रन बसल्या होत्या, मेमोवर सही त्यांचीच होती. फोनचा स्पीकर चालू होता. खालच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये मोजणीकर, मागे साहेब आणि दोन्ही प्रतिनिधी, हातात घड्याळं. मोजणीकरांनी फोन लावला, तिने उचलला, आणि दोघंही गप्प बसले.

अशी चाचणी त्या केंद्राने कधी पाहिली नव्हती. मोजणीकर एका तबकडीखालून दुसरीखाली चालत होते आणि पलीकडून नुसता तिचा श्वास येत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोणाचा हुंकार नाही की खाकरणं नाही. विसाव्या मिनिटाला फोनवाल्यांनी कौतुकाने मान हलवली आणि तबकडीवाल्यांच्या कानात विचारलं, हे रोज सराव करतात का. पंचविसाव्या मिनिटाला पलीकडे कोणीतरी हाक मारली, “सिस्टर, बाळाची शीर मिळत नाहीये.” खुर्ची सरकली, पावलं गेली. दोन मिनिटांनी पावलं परत आली. बाळ एकदाच रडलं होतं. मोजणीकर कॉरिडॉरमध्ये मध्येच थांबले आणि साहेबांनी हात हलवून त्यांना पुढे ढकललं.

तिसावं मिनिट भरलं. फॉर्मप्रमाणे ज्याने कॉल लावला त्याने आधी बोलायचं.

“आकडे म्हणा,” साहेब कुजबुजले. “एक, दोन, तीन. झालं. आटपा.”

आकडे सोपे होते. बावीस वर्षं तोंडात बसलेले होते. एक म्हटलं असतं तरी चाचणी पास झाली असती, अबोला तसाच राहिला असता आणि मेमोही. मोजणीकरांनी फोन तोंडाजवळ धरला.

“फोन तू कापला नव्हतास,” ते म्हणाले. “माझं प्रमाणपत्र चुकीचं होतं.”

साहेबांच्या हातातून पेन पडलं. पलीकडून मात्र काहीच आलं नाही. उत्तराला एक मिनिटाची मुदत होती. तबकडीवाले फोनवाल्यांकडे बघायला लागले, फोनवाले तबकडीवाल्यांकडे.

“नीट ऐकू आलं नाही,” अखेर बायकोचा आवाज आला. “जरा मोठ्याने बोला. मेट्रनबाईंनाही ऐकू येऊ दे.”

“फोन तू कापला नव्हतास!” मोजणीकर ओरडले. बाकांवर बसलेले पेशंटचे नातेवाईक उठून उभे राहिले. केसपेपर घेऊन जाणारे मोठे सर्जन जागच्या जागी थबकले. “चूक माझी आहे! मी लेखी देतो! बावीस वर्षांत पहिलं प्रमाणपत्र मी स्वतः मागे घेतो!”

“मोजणीकर,” साहेब कळवळून म्हणाले, “अहो, रेकॉर्डिंग चालू आहे.”

“असू द्या चालू!”

पलीकडे थोडी कुजबुज झाली, कागद फाटल्याचा आवाज आला. मेट्रनबाईंचा आवाज जवळून आला. “मेमो रद्द केलाय. सर्जनसाहेबांना सांगा, पुढच्या वेळी केसपेपर बघताना हं हं म्हणत जा.” सर्जन लगबगीने जिन्याकडे गेले.

साहेबांनी पेन उचललं. आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा निदान फॉर्म तरी पुरा करावा. त्यांनी मोजणीकरांच्या हातातल्या फोनपाशी तोंड नेलं. “सिस्टर, आवाजाला गुण द्यायचे असतात. पाचपैकी किती?”

“चार.”

“एक का कापला?” दोन्ही प्रतिनिधींनी एकदमच विचारलं.

“यंत्राचा नाही कापला. नऊ दिवस लावले ना यांनी, त्याचा कापला.”

साहेबांनी चार लिहिले आणि सगळे पांगले. कॉरिडॉरमध्ये मोजणीकर एकटे उरले, फोन अजून कानाला तसाच. त्यांचे डोळे भरून आले होते आणि लाज वाटत होती, पण ती नऊ दिवसांत वाटली होती तेवढी नव्हती. 

“बरं,” ते हळूच म्हणाले. “झाली चाचणी. ठेव आता फोन.”

“छे!” बायको म्हणाली. “तुम्हीच ठेवा. मी ठेवला की मेमो येतो.”